दिवाळे: एका शब्दाचा, एका कायद्याचा आणि घरातल्या बाईच्या सहीचा इतिहास



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वहीवर स्वस्तिक काढतो आणि शेजारी दिवा लावतो. पूर्वी व्यापाऱ्याच्या दुकानात आणखी एका प्रसंगी दिवा लागत असे, आणि तो दिवा पाहिला की बाजार गप्प व्हायचा. विल्सन नावाच्या इंग्रज पंडिताने १८५५ साली हिंदुस्थानातल्या महसुली आणि कचेरीच्या शब्दांचा मोठा कोश छापला. त्यात ‘दिवाला’ या शब्दाखाली त्याने नोंद केली आहे की, ज्याला देणी देता येत नाहीत असा माणूस आपल्या घरात किंवा पेढीवर दिवा लावून ठेवी, आणि त्यावरून हा शब्द आला. तिकडे इटलीत सराफाचा बाक मोडून टाकत म्हणे, आणि त्या ‘मोडक्या बाका’वरून इंग्रजीतला दिवाळखोरीचा शब्द तयार झाला. त्यांच्याकडे बाक मोडला, आपल्याकडे दिवा लावला. मला आपली रीत बरी वाटते. दिवा लावणारा माणूस लपत नाही. ‘माझ्याकडे नाही, या आणि वही बघा,’ असे तो सांगतो.

हा विषय घेण्याचे कारण सांगते. आमची मुर्री गोंदियाला लागून आहे. भोवती सगळा धानाचा आणि राइस मिलचा व्यवहार. शेतकऱ्याचे अडत्याकडे अडकते, अडत्याचे मिलवाल्याकडे, मिलवाल्याचे बँकेत. एक कडी तुटली की मागची सगळी माळ ओघळते. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या घरातली एक सून मला हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही बी.कॉम. आहात ना? दिवाळे काढायचे तर वकील कुठला लागतो? आणि यांना तुरुंगात नेतील का?” घरात तिने कोणालाच विचारले नव्हते. रात्र रात्र झोप नव्हती. तिला मी जे थोडेथोडे सांगत गेले, ते इथे नीट क्रमाने लिहिते आहे. आपण बायका सोन्याचा भाव विचारतो, भाजीचा विचारतो, पण कर्जाचा कायदा विचारायची आपल्याला लाज वाटते. त्या लाजेचा इतिहास मोठा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दारात बसलेला धनको

कोर्टकचेऱ्या नव्हत्या तेव्हा वसुली कशी होई? १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाचा अहवाल लिहिला. त्यात त्याने तकाज्याची, म्हणजे आपल्या तगाद्याची रीत वर्णिली आहे. आधी नुसती मागणी, मग दारात माणूस बसवणे, मग ऋणकोला घराबाहेर पडू न देणे, जेवू न देणे. पण धनकोलाही नियम होता. ऋणको उपाशी असेल तर वसुलीला बसलेल्यानेही उपाशी राहायचे. दोघांची भूक समोरासमोर बसायची.

धरणे हा त्याचाच मोठा भाऊ. ‘माझे पैसे दिले नाहीस तर मी तुझ्या दारात प्राण सोडीन आणि पाप तुला लागेल,’ असा तो धाक. इंग्रज सरकारने १८६०च्या दंडसंहितेत कलम ५०८ घातले. दैवी कोपाची भीती घालून कोणाकडून काही करवून घेणे गुन्हा ठरला, आणि त्याचे उदाहरण म्हणून कायद्यात चक्क धरणे धरून बसलेला माणूसच दाखवला आहे.

त्या जुन्या रीतीत दयेचीही एक बाजू होती. तिचे नाव दामदुपट. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून जास्त होऊ द्यायचे नाही, हा धर्मशास्त्रातला नियम. शंभर दिले तर व्याजासकट दोनशेच्या वर एकदम मागता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही हिंदू ऋणकोंसाठी तो पाळला.

मात्र एक बाजू फार कठोर होती. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर, आणि त्याच्या पुढच्याच्याही. मुंबई सरकारने १८६६ साली कायदा करून वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरती ठेवली. ‘बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पुण्यकर्तव्य’ हे तत्त्व कोर्टांतून पूर्ण जायला मात्र ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला. हिंदू वारसा कायद्यात त्या दिवशी दुरुस्ती लागू झाली. हा कायदा आपल्या जैनांनाही लागतो. त्या तारखेनंतर वडिलांनी काढलेल्या कर्जासाठी केवळ पुण्यकर्तव्य म्हणून मुलावर दावा चालत नाही. मुलगा जामीन राहिला असेल किंवा त्याने सही केली असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून मात्र देणे द्यावेच लागते.

तुरुंग आणि घंटाघर

इंग्लंडात तेव्हा कर्जबुडव्याला तुरुंगात टाकत. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि पोराला कारखान्यात डब्यांना लेबले लावावी लागली. तुरुंगात बसलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा, हा साधा हिशेब पटायला लोकांना बराच काळ लागला. तो पटल्यावर नादारीचा कायदा आला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगते. ऋणकोने असेल ते सगळे खरेखरे कोर्टापुढे मांडायचे, कोर्टाने ते धनकोंना प्रमाणात वाटायचे, आणि प्रामाणिक ऋणकोला उरलेल्या देण्यातून सोडवायचे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी अशी कोर्टे १८२८च्या कायद्याने आली आणि १८४८ साली नवा कायदा झाला. त्याची खरी कसोटी लागली १८६५ साली. अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत रोज नवी कंपनी, रोज नवा शेअर. १८६५च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा एकामागून एक पेढ्या बसल्या. इतकी दिवाळी निघाली की निस्तरण्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव होते शेठ प्रेमचंद रायचंद. आपल्याच समाजाचे, मूळ सुरतेचे. मंदीत तेही बुडाले. पण बुडण्याआधी, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मोठी रक्कम दिली होती. तो मनोरा त्यांच्या आईच्या नावाचा, म्हणजे राजाबाई टॉवर. १८७८ साली तो पूर्ण झाला. आईला सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, तिला घंटेवरून वेळ कळावी म्हणून तो बांधला, अशी गोष्ट आपल्या घराघरांत सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. प्रेमचंदशेठ दिवाळ्यानंतर चाळीस वर्षे जगले, पुन्हा व्यवहारात उभे राहिले, आणि १९०६ साली वारले तेव्हा लोक त्यांना मानाने ओळखत होते. दिवाळे निघाले म्हणजे आयुष्य संपले, असे मानणाऱ्याने मुंबईला गेल्यावर त्या मनोऱ्याकडे एकदा मान वर करून पाहावे.

शेतकऱ्याची बाजू

शहरातल्या शेठसाठी कायदा होता. खेड्यातल्या कुणब्याला काय होते? कापसाची तेजी ओसरल्यावर सावकारांनी हात आखडला, सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांचा राग वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ते कागद ओढून काढून त्यांनी जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. अनेक सावकार मारवाडी आणि गुजराती होते, म्हणजे कदाचित आपल्याच कोणाचे पूर्वज. हे पान आपल्याला अवघड वाटते, पण वाचलेच पाहिजे. दामदुपट पाळणारी वही कोणी जाळत नाही. न वाचता अंगठा घ्यायला लावणारी वही जळते.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती ते तपासता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडणे बंद झाले, आणि त्याला नादारीचा अर्ज करायची वाट मिळाली.

आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात. इकडे बराच काळ दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या मोजक्या कलमांवरच भागत असे. १९०७ साली प्रांतिक नादारी कायदा आला आणि १९२० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पुढे जगभर मंदी आली, धान्याचे भाव पडले, तेव्हा १९३३ साली मध्य प्रांताने कर्जतडजोडीचा कायदा केला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून देणे कमी करायचे आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती सोय. हिंदुस्थानात असा कायदा करणारा आपला प्रांत पहिल्या फळीतला होता.

१९२०चा कायदा आणि आजचे आपण

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याचे आज काय? २०१६ साली नवी नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली, वर्तमानपत्रांत तिची नावे रोज येतात. पण ती नावे कंपन्यांची. संहितेचा तिसरा भाग साध्या माणसांसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी लिहिलेला आहे, आणि त्यातला फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला गेला. अगदी गरिबासाठी त्यात ‘नव्याने सुरुवात’ अशीही वाट आखली आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी. पण तीही कागदावरच आहे. म्हणून गोंदियातल्या दुकानदाराला किंवा नोकरदाराला आजही १९२०चाच कायदा लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या वाटेने जातो.

त्यातल्या मुख्य गोष्टी सांगते.

अर्ज ऋणको स्वतः करू शकतो, धनकोही करू शकतो. कायद्यात देण्याची किमान रक्कम आहे पाचशे रुपये. १९२० साली पाचशे म्हणजे केवढे, याचा विचार करा.

अर्जासोबत सगळी देणी, सगळी येणी, सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते. बी.कॉम.ला आम्हाला नादारीची खाती शिकवत, त्यात ‘स्थितिविवरण’ आणि ‘तुटीचे खाते’ असे दोन तक्ते असत. पहिल्यात ‘आहे किती आणि देणे किती’, दुसऱ्यात ‘तूट आली कशी’. कोर्टाचेही प्रश्न हेच दोन असतात.

कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. पण सगळी नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे, आणि धर्माच्या रीतीने बाईने अंगावेगळा करू नये असा दागिना, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही. मंगळसूत्राचे नाव कायद्यात नाही, पण अर्थ तोच.

तारण दिलेली वस्तू मात्र वाचत नाही. घर बँकेकडे गहाण असेल तर बँक तिचे तारण वसूल करू शकते.

नादारीचा अर्ज होण्याआधीच्या दोन वर्षांत घर मेव्हण्याच्या नावावर, गाडी भाच्याच्या नावावर असे काही केले असेल, तर कोर्ट ते रद्द करू शकते. एकाच जवळच्या धनकोला शेवटच्या तीन महिन्यांत झुकते माप दिले असेल, तेही. वह्या किंवा मालमत्ता लपवली तर शिक्षा होते.

सुटका आपोआप होत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज मुदतीत करावा लागतो. इथे कायद्यात एक जुने माप अजून आहे. मालमत्ता रुपयाला आठ आणे देण्याइतकी नसेल, आणि तसे होण्यात ऋणकोचा दोष नाही हे त्याला दाखवता आले नाही, तर पूर्ण सुटका मिळत नाही. आधीच्या तीन वर्षांत नेहमीच्या वह्या ठेवल्या नसतील, जुगार किंवा अविचारी सट्टा केला असेल, तरीही तेच. सरकारी देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी यांतून सुटका नाही. आणि जामीनदार तर कधीच सुटत नाही.

त्या सुनेचा तुरुंगाचा प्रश्न राहिला. दिवाणी तुरुंग कायद्यात अजून आहे, तीन महिन्यांपर्यंतचा, आणि तिथल्या कैद्याच्या जेवणाचा खर्च धनकोला भरावा लागतो. एल्फिन्स्टनच्या काळातली सोबतीची भूक अशी कायद्यात उतरली, असे मला वाटते. पण केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंग नाही. ऐपत असून बुडवतो आहे हे दिसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली कोचीन बँकेच्या खटल्यात हे ठामपणे सांगितले. आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही.

वकील शोधताना

आपल्याकडे ‘दिवाळ्याचे वकील’ अशी पाटी दिसणार नाही. वकिलांना जाहिरात करायलाच मनाई आहे. म्हणून जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूचे काम करणाऱ्या वकिलांकडे जायचे आणि सरळ विचारायचे: १९२०च्या कायद्याखाली अर्ज चालवला आहे का? नादारी बरी, की बँकेशी तडजोड, की लोकअदालत? सुटकेपर्यंत किती काळ लागेल? फी किती, आणि टप्प्याटप्प्याने कशी? ती लिहून घ्यावी. वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ कागद दिले तर पोच घ्यावी. अर्ज दाखल झाला की त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे तारीख घरबसल्या मोबाइलवर बघता येते.

‘कर्ज माफ करून देतो, जेवढे माफ होईल त्याचा टक्का द्या,’ असे कोणी म्हणाले तर उठून यावे. निकालावर फी ठरवणे वकिलाला नियमाने वर्ज्य आहे. तसे बोलणारा एकतर वकील नाही, किंवा वकिलीचा नियम मोडतो आहे.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असते. १९८७च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येत असतील, तर रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ते मना केले आहे, हेही माहीत असू द्या. आणि घरातला माणूस बोलेनासा झाला असेल, जेवेनासा झाला असेल, तर वकिलाच्या आधी १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा. कर्जाला तारखा मिळतात, माणसाला मिळत नाहीत.

बाईची सही

शेवटी आपल्या वाट्याचे. नवऱ्याच्या कर्जासाठी बायको फक्त बायको म्हणून बांधील नसते. ती बांधली जाते सहीने. ‘इथे इथे सही कर’ म्हणून आलेल्या कागदावर ‘जामीनदार’ किंवा ‘सहकर्जदार’ हा शब्द आहे का, हे वाचायला दोन मिनिटे लागतात. स्त्रीधनाच्या पावत्या आणि लग्नातल्या दागिन्यांची यादी आपल्याजवळ असावी.

दुसरे म्हणजे १८७४चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली बायकोच्या आणि मुलांच्या नावे केला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी होते, धनकोंना तिला हात लावता येत नाही. अट एवढीच की धनकोंना फसवायच्या हेतूने तो काढलेला नसावा. म्हणजे दिवस बरे असतानाच काढावा. १ एप्रिल १९२३ पासून हे कलम आपल्या भागात हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन यांना लागू झाले. कायद्यात ‘जैन’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. शंभर वर्षे ही सोय आपल्यासाठी आहे, आणि विम्याचा अर्ज भरताना आपण ती मागत नाही.

हेमचंद्राचार्यांनी गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले त्यांत पहिला न्यायाने मिळवलेले धन, आणि पुढे आवकेप्रमाणे खर्च हाही एक. कायद्याने त्याला आठ आणे आणि तीन वर्षांच्या वह्या असे माप दिले, एवढाच फरक. ती सून आता नवऱ्याबरोबर बसून देण्याची यादी करते आहे. सत्तावीस नावे झाली. पूर्वी तिला त्यातली चारच माहीत होती. वकिलाकडे जाताना ही यादीच पहिला कागद असतो. तुमच्या घरी कर्ज असो वा नसो, या रविवारी एक वही घ्या आणि कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, आणि कुठे कुठे आपली सही आहे, हे लिहून काढा.